तुम्ही विचारलंत म्हणून: पुली लहान केली, आता किती पॉवर निघेल?

ब्लोअर जोरात फिरावा म्हणून लहान पुली टाकली, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मोठे घेतले, एक्झॉस्ट मोकळा केला. आता ट्यून करून किती पॉवर निघेल? सुपरचार्जरवाले (सुपरचार्जर किंवा ब्लोअर म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा, बेल्टवर फिरणारा पंप) मला हे इतक्यांदा विचारतात की हल्ली मी आधी उलट विचारतो, बेल्ट घसरतोय का बघितलंत? माणूस हिरमुसतो. त्याला आकडा हवा असतो आणि मी रबराच्या चौकश्या करत बसतो.

ही खोड मला माझ्याच गाडीनं लावली. बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेवरचा जास्तीचा दाब, 0.5 बारवरून 0.7 ला न्यायचा म्हणून पुली बदलली होती. ब्लोअर सेंट्रिफ्युगल, म्हणजे आरपीएमसोबत बूस्ट शेवटपर्यंत चढत जायला हवा. माझा 5500 ला 0.6 पर्यंत पोचायचा आणि पुढे तिथेच लोळायचा. म्हटलं, ब्लोअरचा दम तेवढाच असेल. पुलीभोवती काळी बारीक भुकटी साचली होती, ती फडक्यानं पुसली आणि लॅपटॉपकडे वळलो. त्या 0.6 बूस्टला फ्युएल टेबल, म्हणजे कुठल्या आरपीएम-बूस्टला किती पेट्रोल द्यायचं तो तक्ता, बारकाईनं जुळवलं. एअर-फ्युएल (एक भाग पेट्रोलला किती भाग हवा) 11.7, एकदम सरळ रेघ. खूश.

दोन महिन्यांनी बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर नवे टाकले. बेल्ट घसरायचा थांबला (ती काळी भुकटी त्याच्याच रबराची होती) आणि बूस्ट गेला 0.75 वर, टेबलाच्या अशा रकान्यांत जिथे मी कधी पोचलोच नव्हतो. तिथलं फ्युएल अंदाजानं भरलेलं, टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पाडायची ते, खालच्या ओळीवरून जसंच्या तसं ओढलेलं. त्या दिवसाचा लॉग नंतर उघडला, तर तीच सरळ रेघ वरच्या आरपीएमला 12.9 वर गेलेली, म्हणजे पेट्रोल कमी पडलेलं.

आधी कळलं ते प्लगवरून. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग भिंगाखाली धरला. पांढऱ्या पोर्सेलीनवर माशा बसून गेल्यासारखे काळे ठिपके आणि त्यांत दोन-तीन चकाकणारे कण. ते कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे. इंजिन खोललं तेव्हा वरच्या दोन रिंगांमधली पिस्टनची कड तुटून हातात आली.

हे काम नॉकिंगचं. ठिणगी पडल्यावर ज्योत प्लगपासून कडेकडे पसरत जाते. टायमिंग फार पुढे असेल, हवा गरम असेल किंवा पेट्रोल कमी पडलं असेल, तर कोपऱ्यात उरलेलं मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच आपसूक पेटतं आणि दाबाची लाट पिस्टनवर आदळते. 86 मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरमध्ये तिचा आवाज साधारण 6.7 किलोहर्ट्झला वाजतो; नॉक सेन्सर तोच टिपायला बसवलेला असतो. पण ब्लोअरच्या गिअरचा आवाज किंवा एखादा सैल ब्रॅकेटसुद्धा त्याला चकवतो. म्हणून मी अजूनही तांब्याच्या नळीचं एक टोक चेपून ब्लॉकला बोल्टनं आवळतो, दुसऱ्या टोकाला रबरी पाइप लावून तो कानावरच्या इअरमफमध्ये घालतो. दिसायला हास्यास्पद आहे. पण पत्र्याच्या डब्यात खडे पडल्यासारखा तो आवाज एकदा ऐकलात की विसरणार नाही.

टायमिंगला हात लावण्याआधी पेट्रोल पुरतंय का ते बघा. मूळ गाडीत टर्बो किंवा ब्लोअर नसेल, तर तिचा मॅप सेन्सर (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा) बहुधा 1 बारचा असतो. बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाब त्याला दिसतच नाही. निदान 2 बारचा लागेल. फ्युएल प्रेशर बूस्टबरोबर वाढलं पाहिजे. मुळात 3 बार असेल, तर 0.7 बूस्टला रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, 3.7 दिसायला हवं, आणि दाब वाढला की पंप कमी पेट्रोल ढकलतो हेही धरून चला. इंजेक्टर 85 टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा राहत असेल तर तो लहान आहे, त्यात वाद नको. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून एअर-फ्युएल सांगणारा मूळचा नॅरोबँड सेन्सर 14.7 च्या आसपासचंच नीट सांगतो. आपल्याला बघायचं असतं साडेअकरा-बाराचं, तिथे वाइडबँडच हवा.

प्लग मूळच्यापेक्षा एका नंबरनं थंड (उष्णता लवकर सोडणारे) घ्या आणि ठिणगीची फट, म्हणजे गॅप, 0.7 मिलिमीटरच्या आसपास ठेवा. गॅप जास्त असेल तर बूस्टमध्ये ठिणगी विझते, न जळलेला ऑक्सिजन वाइडबँडपर्यंत जातो आणि स्क्रीनवर मिश्रण लीन (पेट्रोल कमी असलेलं) दिसतं. मग लोक आणखी पेट्रोल घालतात, आणि मिसफायर आणखी वाढतो.

आता टायमिंग. मुद्दाम कमी ठेवून सुरुवात करा आणि एकेक डिग्री वाढवत टॉर्क बघा. पंपावरच्या पेट्रोलवर बूस्टमध्ये बहुतेक वेळा टॉर्क वाढायचा थांबण्याआधीच नॉकिंग सुरू होतं. म्हणून एखाद्या डिग्रीनं आधीच्या डिग्रीपेक्षा कमी टॉर्क वाढवला की मी तिथे थांबतो, आणि थांबलो तिथून दोन डिग्री परत घेतो. त्या दोन डिग्रींवरून माझी गिऱ्हाइकांशी सगळ्यात जास्त भांडणं होतात.

त्या मागतो उष्णतेसाठी. 30 अंशांची हवा 0.7 बार बूस्टपर्यंत दाबली की इंटरकूलरच्या आधी ती साधारण शंभर अंशांवर जाते. डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) बॉनेट उघडं, समोर मोठा पंखा, पूल, म्हणजे पॅडल पूर्ण दाबून आरपीएम वर न्यायची एक फेरी, दहा-बारा सेकंदांचा. तिथे सगळंच गोड दिसतं. चढाच्या रस्त्यावर तीच गाडी मिनिटभर बूस्टमध्ये राहते. मर्सिडीजनं 1921 साली ब्लोअरच्या गाड्या आणल्या, तेव्हा पॅडल पूर्ण दाबल्यावरच ब्लोअर जोडला जायचा, आणि तोही थोडा वेळ वापरायचा म्हणून. तुमचा बेल्ट मात्र कायम फिरत असतो. म्हणून मी लागोपाठ तीन पूल घेतो आणि विश्वास तिसऱ्यावर ठेवतो. इनटेकची हवा 50 अंशांच्या पुढे गेली की ईसीयूनं (इंजिनाच्या कॉम्प्युटरनं) टायमिंग स्वतःहून मागे घ्यावं, असं टेबल भरतो.

आणि कट लावा, म्हणजे गडबड दिसली की इंजिनाची ताकद तोडणारी मर्यादा. मिश्रण लीन झालं तर कट, फ्युएल प्रेशर पडलं तर कट, ट्यून केलेल्या बूस्टच्या जरा वर गेलं की कट. मी तेव्हा 0.65 वर बूस्ट कट लावला असता, तर नव्या बेल्टच्या पहिल्याच पूलला गाडी अडखळली असती, मी शिव्या घातल्या असत्या आणि पिस्टन जागेवर राहिला असता.

पॉवर किती, ते डायनोवर कळेलच. येण्याआधी पुलीच्या मागून बोट फिरवून बघा. काळं लागलं, तर आधी टेन्शनर बघून घ्या आणि डायनोची तारीख पुढची मागा.