गूगल फॉर्म की कागद?

यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत सर्वे करायला निघालेली पोरं हमखास विचारतात, 'सर, गूगल फॉर्म फिरवला तर नाही का चालणार?' तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितोय.

आधी उत्तरं कोणाकडून हवीत ते ठरवा. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली की रातोरात उत्तरं येतात, पण कॉलेजातल्या पोरांची, मास्तरांची, कृषी केंद्रवाल्याची. निंदणाला जाणारी बाई त्या ग्रुपवर नसतेच, घरातला एकच स्मार्टफोन पोराच्या खिशात असतो. आकडा मोठा झाला म्हणून ही उणीव भरून निघत नाही. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं कौल घ्यायला सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालानं धाडल्या. २० लाखांवर परत आल्या, त्यावरून लँडन हे उमेदवार जिंकणार असं छापलं, आणि त्यांच्या विरोधातले रूझवेल्ट प्रचंड फरकानं निवडून आले. पत्ते बरेचसे टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांतले, म्हणजे खात्यापित्या घरांचे होते.

कागद घेऊन ओसरीवर बसा. 'शेती स्वतःची आहे का? हो/नाही' एवढंच छापलेलं असतं. बाई सांगते, 'वावर सासऱ्याच्या नावावर हाये, वाहतो आम्ही, अन् दोन एकर ठेक्याचं हाये.' मी हे समासात तसंच्या तसं लिहून घेतो. मोबाइलवर ती एका बोटानं 'नाही' झाली असती, आणि ठेक्यानं शेती करणारं एक घर माझ्या अभ्यासातून गेलं असतं.

कागदाचा त्रास आहेच. गाळलेले प्रश्न घरी आल्यावर सापडतात, भरलेले आकडे पुन्हा टाइप करावे लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानं २०१५-१६च्या फेरीत छोटे संगणक घरोघरी नेले, पण विचारणारं माणूस दारात होतंच. मला हेच पटतं. कोबो टूलबॉक्ससारख्या मोबाइलवरच्या सर्वेच्या साधनात रेंज नसतानाही फॉर्म भरता येतो.

एका बाबतीत मात्र माणूस समोर नसलेलाच बरा. दारू, सावकाराचं कर्ज, घरातली मारहाण असं विचारताना सासू नि शेजारीण बाजूला बसलेल्या असतात. तिथं ज्याला वाचता येतं त्याच्या हातात फोन द्या आणि तुम्ही अंगणात जा.

सोयाबीनच्या सोंगणीत जाऊ नका, कोणी भेटणार नाही. पहिली काही घरं कागदावरच करा. समासात जे वारंवार येईल, ते पर्यायांत घाला आणि मगच फॉर्म मोबाइलवर चढवा.