तीर्थनचे डोह: निम्फ तळाला लागू लागली

हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते, विणीचा काळ म्हणून. मार्चमध्ये ती उठली की आमची पावलं तीर्थन नदीकडे वळतात. या खेपेला परवाना काढून गुशैणीच्या आसपासचे फक्त खोल डोह धरले. उथळ धारेतला ब्राउन ट्राउट आता बऱ्यापैकी लागतो. डोहातला मोठा मासा मात्र तळ सोडत नाही, आणि माझी निम्फ, म्हणजे पाणकिड्याच्या अळीसारखा बांधलेला नकली गळ, तिथवर जातच नव्हती.

अडचण वजनाची नव्हतीच. डोहात वरची धार जोरात असते आणि तळाचं पाणी दगडांना अडून संथ चालतं. टिपेट (लाईनच्या टोकाचा बारीक दोरा) जाड असला की वरच्या धारेत सापडतो आणि निम्फला ओढत वर आणतो. म्हणून गळ १४ नंबरचाच ठेवला, वजनाचा टंगस्टन मणीही तोच, फक्त टिपेट ३एक्सचा ५एक्स, म्हणजे आणखी बारीक केला आणि डोहाच्या खोलीपेक्षा चांगला लांब ठेवला. फरक लगेच जाणवला.

दुसरी गोष्ट म्हणजे निम्फ टाकायची जागा. डोहाच्या तोंडाशी, जिथे पांढरं पाणी आत कोसळतं, तिथे टाकली की ते पाणीच तिला खाली घेऊन जातं. मग रॉड उंच धरायचा, लाईन पाण्याला टेकू द्यायची नाही आणि साइटरवर, म्हणजे लाईनमधल्या रंगीत खुणेच्या तुकड्यावर, नजर ठेवायची. मासा हिसका देत नाही. वाहता वाहता साइटर जागच्या जागी थांबतो, बस! एका काळ्या खडकाजवळ तो असाच थबकला. रॉड उचलला तर खालून जड, संथ झटके. पिवळट अंगावर फिकट कड्यांतले लाल ठिपके. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून ठेवला होता, त्यामुळे माशाला पाण्याबाहेर न काढता सोडवता आलं. ओल्या हातांनी, तोंड प्रवाहाकडे करून धरायचं आणि तो स्वतःहून निघेपर्यंत घाई करायची नाही. एवढं आपण पाळलंच पाहिजे.

वेळ सकाळचीच. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारपर्यंत पाणी वाढून गढूळ होतं.

आता पुढचा डोह पलीकडच्या कड्याखालचा. तिथे भोवऱ्यामुळे कडेचं पाणी उलटं वाहतं, म्हणजे मासे नदीच्या उताराकडे तोंड करून उभे असणार. तिथे निम्फ खालच्या अंगाने, त्यांच्या समोरून सोडून बघणार आहे.