तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा छोटा पल्स मोजता कसा?

आम्ही लॅबमध्ये काही ॲटोसेकंद टिकणारे प्रकाशाचे पल्स, म्हणजे झोत, बनवतो. ॲटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा अब्जांश, या कामाला २०२३चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, हे सगळं बोलून झालं की प्रत्येक जण शेवटी इथंच येतो. "ते ठीक आहे हो, पण एवढा छोटा पल्स मोजता कसा? तेवढं फास्ट घड्याळ तर नसेल ना?" आणि विचारताना चेहऱ्यावर ते हसू, चोर पकडल्यासारखं.

नाहीये घड्याळ. मान्य. कुठलंच इलेक्ट्रॉनिक्स त्या वेगाच्या जवळपाससुद्धा फिरकत नाही. आमचं घड्याळ म्हणजे ज्या इन्फ्रारेड लेझरने पल्स बनवला तोच लेझर. ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं एक आवर्तन साधारण २.७ फेमटोसेकंदांचं (एक फेमटोसेकंद म्हणजे हजार ॲटोसेकंद). लेझर गॅसवर मारला की त्याच्या फ्रिक्वेन्सीच्या पटीतला प्रकाश निघतो, ते हार्मोनिक्स, त्यांचाच पल्स बनतो; ते आणि त्याच लेझरचा थोडासा भाग परत एकत्र गॅसवर सोडायचा, दोघांमधला उशीर आरसा सरकवून थोडा थोडा बदलायचा आणि सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनची एनर्जी बघत बसायचं. दोन शेजारच्या हार्मोनिक्सच्या मधोमध एक जादा रेघ येते, साइडबँड. उशीर बदलेल तशी ती उजळते, मंदावते, दर १.३ फेमटोसेकंदाला एकदा. त्यावरून कळतं की हार्मोनिक्स एकमेकांच्या तालात आहेत की नाही. त्या नोबेलवाल्यांपैकी एक, पिएर आगोस्तिनी, त्यांच्या ग्रुपने २००१ मध्ये २५० ॲटोसेकंद काढले ते असेच.

आमच्याकडे रेघ यायची. हलायची मात्र नाही.

महिनोन् महिने. हार्मोनिक्स झकास, व्हॅक्यूम झकास, आणि साइडबँड मख्खासारखा तिथंच. अशात दुसऱ्या लॅबमधले एक सर आले, स्क्रीनसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "स्पेक्ट्रम छान आहे. पल्स कुठंय?" बास, एवढंच बोलले. मला इतका राग आला की विचारू नका, आणि राग यायचं कारण हेच की माणूस शंभर टक्के बरोबर होता. ढीगभर फ्रिक्वेन्सी असल्या आणि त्यांच्या फेज, म्हणजे कुठली लाट कधी वर येते ते, वाटेल तशा असल्या तर तो पल्स नव्हेच, नुसता गोंगाट. तो आमचा पल्स असेलही हो, पण दाखवणार कसा? त्या रात्री मी जेवलो नाही. मग एकेक करत सगळं बंद करून पाहिलं, एसी बंद, लाइट बंद, बोलणं बंद, आणि शेवटी व्हॅक्यूम पंपाचा पाइप टेबलापासून वेगळा बांधला, कारण पंपाची थरथर त्यातून आरशाच्या माउंटपर्यंत पोचत होती. आरसा शंभरेक नॅनोमीटर हलला की उजेडाचा रस्ता दोनशेने बदलतो, म्हणजे रेघेचं अर्धं आवर्तन, म्हणजे चढ-उतार सगळे एकमेकांत पुसले जाणार. नवा स्कॅन लावला आणि रेघ हलली. शेजारचा ज्युनियर म्हणाला, "सर, जिवंत झाली." मी काहीच बोललो नाही, फाइल दोनदा सेव्ह केली.

तर मोजतो ते असं. आता तुम्ही म्हणाल, मग झालं की.

पण मी पीएचडीला होतो तेव्हा गाइडशी याच्यावरूनच भांडायचो, की गणिताने जोडून काढलेला आकडा म्हणजे मोजलेला आकडा नव्हे. आज तोच मुद्दा कुणी काढला की मी अंगावर जातो. अरे, एक्स-रेवरून स्फटिकातले अणू कुठं बसलेत ते काढतात तेही गणितानेच ना? तरीपण त्या पीएचडीवाल्या पोराचं, म्हणजे माझंच, तोंड मला अजून बंद करता आलेलं नाही, कारण आमचा स्कॅन हजारो शॉट्स, म्हणजे लेझरचे हजारो झोत, मिळून होतो, लेझर प्रत्येक वेळी तंतोतंत तसाच पल्स देतो असं धरून. निघतो तो सरासरी पल्स. त्यातला एखादा एकटा कसा दिसतो ते मी पाहिलेलं नाही. आमच्यासारखी पल्सची माळ न काढता एकेकटे पल्स बनवणाऱ्यांचंही फारसं वेगळं नाही, २०१७ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातून ४३ ॲटोसेकंदांचा आकडा आला तोही अशाच बऱ्याच शॉट्सच्या डेटामधून कॉम्प्युटरने बाहेर काढलेला. माझा त्या आकड्यावर विश्वास आहे, पूर्ण आहे. टॉकमध्ये मी तो दुसऱ्याच स्लाइडवर टाकतो, आणि हे सरासरीचं वगैरे कुणी विचारलं तरच सांगतो.