तुम्ही विचारलंत म्हणून: पोलीस असून मी भूतबाधेच्या घरी का जातो

वसईत लग्नाच्या मांडवात भेटा, मयताच्या घरी भेटा, नाहीतर मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात. प्रश्न ठरलेला. "साहेब, एवढी वर्षं पोलिसात काढलीत, आणि आता भुतं बघायला जाता?" काही जण काळजीने विचारतात, काही जण एखादा किस्सा ऐकायला मिळेल म्हणून. दोघांनाही मी आजवर "फादर बोलावतात, म्हणून जातो" एवढंच सांगून निघत आलो. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

आधी एक गैरसमज काढतो, कारण तो ऐकून ऐकून मी थकलोय. मी भूत काढत नाही. मला तो अधिकारच नाही. आमच्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, कलम ११७२ मध्ये, स्पष्ट लिहिलंय की बिशपांनी खास परवानगी दिल्याशिवाय धर्मगुरूसुद्धा हा विधी करू शकत नाही. आणि ही परवानगी द्यायची ती श्रद्धा, ज्ञान, विवेक आणि निष्कलंक आयुष्य असलेल्या धर्मगुरूलाच. माझ्यासारख्या प्रापंचिकाने काय करायचं नाही, हे रोमने १९८५ साली पत्र काढून पुन्हा बजावलं. चर्चच्या १६१४ च्या जुन्या विधिग्रंथातल्या सुरुवातीच्या सूचनांमध्येसुद्धा हेच आहे की बाधा झाली असं सहजासहजी मानू नका. ही सूचना मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमच्या ट्रेनिंगमधले उस्ताद आठवले. फिर्याद ऐका, लगेच गिळू नका, असं ते सांगायचे.

मग मी काय करतो? जबाब घेतो. २००९ साली एका फादरांनी मला सोबत नेलं. त्या घरातल्या पुरुषांनी आदल्या खेपेला त्यांना आत घेऊन दाराला कुलूप लावलं होतं आणि काहीतरी करून दाखवल्याशिवाय सोडेनात. मी तेव्हा नोकरीत होतो. साध्या कपड्यांत गेलो, कोपऱ्यात बसलो आणि सवयीने खोली बघू लागलो. दाराची कडी बाहेरून होती. लाकूड नवं कापलेलं, स्क्रू चकचकीत. ज्या बाईला बाधा झाली म्हणत होते तिच्या मनगटावर दोरीचे वळ होते. मी घरच्यांना एकेकाला ओसरीवर घेतलं आणि वेगवेगळं विचारलं. तासाभरात कळलं की बाळंतपणाला तीन आठवडे झालेत, बाई तेव्हापासून झोपलेली नाही, आणि डॉक्टरकडे नेलं तर लोक काय म्हणतील म्हणून सासू अडून बसलीय. दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात होती. परतताना फादर म्हणाले, "मी प्रार्थना करत होतो, तुम्ही कडी बघत होता. दोन्ही लागतं."

तिथून सुरुवात झाली. आजवर चाळीसेक घरं झाली असतील. फिट्स, दारू, अंगाबाहेरचं कर्ज, परीक्षेची धास्ती. एका घरात मुलगी फक्त एकाच माणसाला बघून किंचाळायची, आणि घरचे म्हणत होते की तो फार देवभक्त आहे, म्हणून आतल्या सैतानाला तो सहन होत नाही. त्या माणसावर मी पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, गुन्हा दाखल करायला लावला. ज्यांना मी भोळा वाटतो त्यांनी हे घर तेवढं लक्षात ठेवावं.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याची अनुसूची मी आमच्या पोरांना मोठ्याने वाचून दाखवली होती. भूत उतरवायच्या नावाखाली साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. बाधा आहे असं भासवून माणसाला औषधोपचारापासून अडवणं हेही त्यात आहे. हे शेवटचं वाचताना मी जरा जोर दिला होता. का सांगतोय ते पुढे कळेल.

सैतान आहे असं मानता का, हेही तुम्ही विचारता. हो, मानतो. मार्कच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, फेफरं आल्यासारखा जमिनीवर लोळणारा एक मुलगा आहे. त्याचा बाप येशूला म्हणतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." त्या बापापेक्षा पुढे मी कधी गेलो नाही. पण शवागारात मी जे पाहिलंय ते सगळं गरिबी, दारू आणि डोक्यातल्या रसायनांच्या खात्यावर टाकायला माझं मन तयार होत नाही. हे सिद्ध करता येत नाही, आणि कोर्टात मी ते म्हणणारही नाही.

आता २०१४ ची ती मुलगी. तिच्याबद्दल मी घराबाहेर कधी बोललेलो नाही.

वीस वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. सात-आठ दिवस झोप नाही. आईला शिव्या देते, मध्येच हसते, रात्री कोणाशी तरी बोलते, तोंड सारखं काहीतरी चावत असल्यासारखं हलतं. उजवा हात वर उचलला की तसाच राहतो. मी गेलो तेव्हा तिला साडीने खाटेला बांधलेलं होतं. आधी मी ती गाठ सोडवली. डॉक्टरांना दाखवलं का, हेही विचारलं. लक्षात घ्या, मी विचारलं होतं. घरच्यांनी गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली: मानसिक ताण, झोपेच्या गोळ्या. मी मान हलवली. खिडकीत तापाच्या गोळ्यांचं पाकीट पडलं होतं, त्यातल्या तीन गोळ्या कमी होत्या. हे मी वहीत लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

मग मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सकाळी ये म्हणालास ना?"

हे वाक्य माझं होतं. १९९८ साली मी रात्रपाळीला ठाणे अंमलदार होतो. नालासोपाऱ्याच्या एका चाळीतली बाई, लग्नाला चार वर्षं झालेली, रात्री साडेबाराच्या सुमारास आली. ओठ फुटलेला. नवऱ्याविरुद्ध तक्रार लिहून घ्या म्हणाली. मी दिवसभराच्या बंदोबस्तावरून आलो होतो. म्हटलं, आता घरी जा, सकाळी ये, नवऱ्यालाही घेऊन ये, बघू. ती उभी राहिली, मग गेली. सकाळी आली नाही. तिसऱ्या दिवशी ती जळाल्याची खबर आली. मरणोत्तर पंचनाम्याला नायब तहसीलदार आले, शेजारपाजारचे पंच उभे राहिले, आणि लिहायला मी होतो. माझा हात थरथरला नाही, हे मला आठवतं. त्या रात्रीची गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही. बायकोला नाही, कन्फेशनमध्येही नाही.

आणि सोळा वर्षांनी, जिला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो ती मुलगी ते वाक्य म्हणाली.

जुन्या विधिग्रंथात बाधेची लक्षणं दिलीत. न शिकलेली भाषा बोलणं, वयाला आणि प्रकृतीला न साजेशी ताकद, दूरचं आणि गुप्त असलेलं ठाऊक असणं. मला बाकी काही दिसेना. मी बाहेर आलो, फादरांना म्हटलं, "हे खरं आहे." फादर म्हणाले, नियमाप्रमाणे आधी मानसोपचारतज्ज्ञांचं मत घ्यायला हवं. मी म्हटलं, "फादर, वेळ घालवू नका, आधी बिशपांना कळवा." त्यांनी माझं ऐकलं. एरवी त्यांनी कोणाचं ऐकलं नसतं. मी पोलीस होतो, पाच वर्षं प्रत्येक घरी मीच त्यांना "थांबा" म्हणत आलो होतो, म्हणून ऐकलं. आणि घरच्यांना मी सांगितलं, तिला इकडेतिकडे हलवू नका.

पत्र लिहून होईपर्यंत, उत्तराची वाट बघेपर्यंत नऊ दिवस गेले. रोज संध्याकाळी शेजारी जमून जपमाळ म्हणायचे. मी दोनदा जाऊन आलो. आठव्या रात्री तिला झटका आला. माझी मुलगी नर्स आहे. तिला फोनवर सांगत होतो तर तिने मध्येच तोडलं, "पप्पा, ताप आहे का?" मी वही उघडली. ताप पहिल्या दिवसापासून होता. माझ्याच अक्षरात.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठीतलं पाणी तपासलं. रोगाशी लढणारी शरीरातली प्रतिद्रव्यंच मेंदूवर उलटली होती. या आजाराची नेमकी ओळख डॉक्टरांनाही २००७ साली पटली. तरुण मुलींमध्ये बऱ्याचदा अंडाशयातली गाठ त्याला कारण असते; हिलाही होती. गाठ काढली, स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, कितीतरी आठवडे आयसीयू. उपचार जेवढे लवकर, तेवढी माणूस सावरायची आशा जास्त, असं तिथल्या डॉक्टर बाईंनी सांगितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, मुलीच्या वडिलांना समजावत होत्या. वडिलांनी मात्र माझ्याकडे पाहिलं.

जर्मनीतल्या ॲनेलीझ मिशेलचं प्रकरण मला आधीपासून ठाऊक होतं. १९७६ साली तेविसाव्या वर्षी गेली, साठाहून जास्त वेळा भूत काढायचा विधी झाला होता, वजन तीस किलोच्या आसपास उतरलं होतं, आणि तिच्या आईवडिलांना व दोन धर्मगुरूंना कोर्टाने निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याबद्दल दोषी ठरवलं. हे मी स्वतः लोकांना सांगायचो. असं आपल्याकडे होऊ देणार नाही म्हणायचो.

महिन्याभराने मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. त्या वाक्याचा तपास. फार लांब जावं लागलं नाही. मुलीची आत्या लग्नानंतर नालासोपाऱ्याला राहायची, त्याच चाळीत. "बिचारी पोलिसांत गेली होती, त्यांनी सकाळी ये म्हणून परत पाठवली," हे त्या घरात वर्षानुवर्षं बोललं जात होतं. पंचनाम्याच्या दिवशी चाळीतल्या बायकांनी मला ओळखलं होतं. आणि फादरांबरोबर अमुक साहेब येणार हे कळल्यावर, आदल्या रात्री मुलीच्या खाटेशेजारी बसूनच आत्या तिच्या आईला म्हणाली होती, "हाच तो, सकाळी ये म्हणणारा."

एवढंच. गुपित ते माझ्यापुरतंच होतं.

तेव्हाचा मी अजूनही भांडतो माझ्याशी. म्हणतो, तू श्रद्धेने फसलास, त्यात काय पाप? मी त्याला म्हणतो, श्रद्धेने नाही. चाळीस घरांतल्या कुठल्याही बापाने मला असं वाक्य सांगितलं असतं तर मी पहिला प्रश्न विचारला असता, हे आणखी कोणाला माहीत होतं? स्वतःच्या बाबतीत विचारला नाहीस, कारण सैतानाला माहीत आहे हे तुला सोसत होतं, शेजारणींना माहीत आहे हे सोसत नव्हतं. तो म्हणतो, मग सोड हे सगळं. तिथे माझ्याकडे उत्तर नसतं.

वर्षभर सोडलंही होतं. मग एका रात्री फोन आला, सोळा वर्षांच्या पोराला साखळीने खांबाला बांधलंय, कोणीतरी बाहेरचा माणूस बोलावलाय. गेलो. मी गेलो नाही तर तिथे कोण जातं हे मला ठाऊक आहे. माझी मुलगी म्हणते, मग पोलीस म्हणून जा ना पप्पा, खिशात जपमाळ कशाला? मी म्हणतो, त्या घरातली माणसं पोलिसाला दार उघडत नाहीत. तिला हे कारण पटत नाही. खरं सांगायचं तर ते पूर्ण कारण नाहीच. त्या खोल्यांत जाताना मला भीती वाटते, आणि जपमाळ नसेल तर मी आत पाय टाकू शकत नाही.

आता मी कडी बघतो, ताप बघतो, आणि तज्ज्ञांची चिठ्ठी हातात येईपर्यंत स्वतःचं मत कोणाला सांगत नाही. फादरांनाही नाही.

ती मुलगी बरी आहे. शिक्षण सुटलं ते सुटलं. एका दुकानात हिशेब बघते, बोलताना मध्येच शब्द सापडत नाही, मग हाताने खूण करते. ते दिवस तिला आठवत नाहीत. बाजारात दिसली की हसून "अंकल" म्हणते. तिची आई बोलत नाही.

गेल्या वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, दफनभूमीत आमच्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावून झाल्यावर मी आत्याच्या घरी गेलो. वही घेऊन बसलो आणि विचारलं, ती बाई त्या रात्री किती वाजता घरी परतली, काय म्हणाली, कोणाच्या दारात बसली, तिचं माहेर कुठलं. आत्याने दोन तास सांगितलं. मी सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, खाली त्यांची सही घेतली. त्या रात्रीच्या स्टेशन डायरीत तिच्या येण्याची नोंद नाही. मी केली नव्हती.