आमची वाटचाल : कमानपाट्यांपासून कोयत्यांपर्यंत

1983 साली बाबांनी ट्रकच्या कमानपाट्यांच्या, म्हणजे चाकांवरचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या कामासाठी गोव्यातल्या साखळीजवळ रस्त्याकडेला पत्र्याची शेड घातली, तेव्हा त्यांच्याकडे एक ऐरण, दोन घण, हाताने फिरवायचा ब्लोअर आणि चार सांडशा होत्या. ऐरण अजून तीच आहे. तिची डावी कड झिजून गोल झाली आहे आणि मेन म्हणजे सगळ्यात लांब, मुख्य पाट्याचं टोक बुशाच्या (त्यात बसणाऱ्या नळीच्या) मापाने वळवायला नेमकी तीच लागते. मी दोनदा नवी ऐरण आणली, दोन्ही वेळा कामगारांनी ती बाजूला सारली.

भट्टी शेडच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात आहे. लोक विचारतात, खिडकी का नाही? उजेडात पाट्याचा रंग कळत नाही. काजूच्या पिकलेल्या बोंडूसारखा तांबूस-केशरी झाला की बाक द्यायचा आणि तेलात सोडायचा. मग पुन्हा बेताने तापवून लाकडाची चिपटी घासून बघायची. चिपटीतून धूर येऊन ती सरकायला लागली, की पाटा भट्टीतून बाहेर. बाबांनी मला हे शिकवायला तीन वर्षं घेतली.

चीनची लोहखनिजाची मागणी वाढली, तशी आमची उसंत गेली. 2010-11 मध्ये गोव्यातून 5 कोटी टनांवर खनिज बाहेर गेलं, त्यातलं कितीतरी आमच्या दारावरून टिपर ट्रकने जेटीवर गेलं. खेपेवर पैसे, म्हणून ड्रायव्हर खड्डा बघत नसत. पाटे मोडत, आम्ही बसवत होतो. सात माणसं कामाला होती. त्या वर्षांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

सांगायचं आहे ते समोरच्या दुकानाबद्दल. 2009 साली रस्त्यापलीकडे एकाने कमानपाट्यांचं दुकान घातलं. धंदा कोणीही करावा. पण तो जुने पाटे ताणून, काळा रंग मारून नवे म्हणून विकायचा. आमचा मोठा मिस्त्री त्याने जास्त पगार दाखवून नेला, तेही मी गिळलं. मग एका टिपरचा आम्ही बसवलेला मेन पाटा चढावावर मोडला. आमचा पंच, म्हणजे ठसा असलेला तो तुकडा त्याने ड्रायव्हरकडून मागून घेतला आणि स्वतःच्या दारात तारेने टांगला. येणारा-जाणारा बघायचा. मोड सेंटर बोल्टच्या, म्हणजे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या भोकातून होती. पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट ढिले राहिले की पाटा तिथूनच मोडतो, हे या धंद्यात नवशिक्यालाही कळतं. माल ठीक होता. ट्रकच्या मालकाने पंधरा दिवसांनी बोल्ट आवळून घेतले नव्हते. पण हे दारोदार कोणाला सांगत फिरणार? त्या हंगामात आमची नऊ गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून गेली.

एक गेले नाहीत. वाळपईचे एक ट्रकवाले, आम्ही सगळे त्यांना भाई म्हणतो. ते त्या दुकानात गेले, टांगलेल्या पाट्याच्या भोकावर बोट ठेवून बघितलं आणि परत येऊन मला म्हणाले, "माझे चारही ट्रक तुझ्याकडेच." तेवढंच बोलले.

मग 2012 आलं. आमच्या धंद्याचं गणित असं होतं. पावसाळ्यात खाणीचे ट्रक उभे असत, तेव्हा मालक उधारीवर दुरुस्ती करून घेत, आणि हंगाम सुरू झाला की पैसे येत. आम्हीही ऑगस्टमध्येच उधारीवर पाटे भरून ठेवत होतो. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला आणि 10 सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी थांबवल्या. गणेश चवथ नऊ दिवसांवर होती. बायकोने वही मांडली : येणं 4 लाख 60 हजार, देणं त्याहून जास्त, शेड नव्या पाट्यांनी भरलेली. महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाचीही स्थगिती आली. डिसेंबरात पाच जणांना हात जोडून घरी पाठवलं. त्यातला एक बाबांच्या वेळचा होता. तो जाताना घण जागेवर ठेवून गेला, आणि मी दोन दिवस शेड उघडली नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा स्वतः आले. तेव्हा त्यांना दम लागायचा. काही न बोलता त्यांनी भट्टी पेटवली. "काम नाही, कोळसा कशाला जाळता?" म्हटलं. "भट्टी गार पडली की माणूस गार पडतो," म्हणाले आणि मागच्या ढिगातला मोडका पाटा ओढून त्याचा कोयता करायला बसले.

तो ढीग वीस वर्षांचा, आम्ही भंगारात काढायचं म्हणत होतो. कमानपाट्याचं पोलाद कोयत्याला उत्तम, हे लोहाराच्या मुलाला सांगावं लागू नये, पण मला ते दिसत नव्हतं. पहिल्या बारा कोयत्यांना मी पाट्यासारखंच सबंध पाणी दिलं, म्हणजे तापवून, बुडवून कडक केलं. सहा परत आले, धारेचे तुकडे उडालेले. माडावर चढणाऱ्या पाडेल्याने कोयता माझ्या पुढ्यात ठेवला. म्हणाला, "घाव घालताना धार उडाली तर मी वर असतो, हे लक्षात ठेव." तेव्हापासून फक्त धारेलाच पाणी देतो, पाठ मऊ ठेवतो आणि प्रत्येक कोयता सुक्या बांबूच्या गाठीवर मारून बघितल्याशिवाय बाहेर सोडत नाही. काजूच्या हंगामाआधी सत्तरी तालुक्यातून मागणी आली. मग पिकअपचे पाटे, मग देवळाचं गेट, मग ग्रील. उभ्या ट्रकांच्या चाकांवर वेली चढत होत्या, त्या दिवसांत आमच्याकडे रोज काहीतरी काम होतं. थोडं होतं, पण होतं.

2014 मध्ये न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी दिली, तेव्हा पुष्कळांनी पुन्हा कर्ज काढून ट्रक घेतले. मी दोनच माणसं परत घेतली आणि कोयते चालू ठेवले. लोक भित्रा म्हणाले. 16 मार्च 2018 ला खाणी परत बंद पडल्या. त्या वेळी आमची शेड एक दिवसही बंद राहिली नाही.

नव्याने धंद्यात येणाऱ्या मुलांना एवढंच सांगेन : उधारीवर सही घ्या, भावाचीसुद्धा. कोळसा मे महिन्यातच भरा. मंदीत हत्यारं विकू नका, गाडी विका. कामगाराला खरी परिस्थिती आधी सांगा, बाजारातून कळू देऊ नका. आणि सकाळी आठला शेड उघडा, गिऱ्हाईक असो वा नसो, कारण बंद दारासमोर कोणी दुसऱ्यांदा थांबत नाही.

समोरचं दुकान 2013 च्या पावसाळ्यातच बंद झालं. मालक निघून गेला, तुकडा दारातच टांगलेला राहिला. भाईंनी एक दिवस तार कापून तो आणला आणि माझ्या ऐरणीवर ठेवला. त्याचा कोयता करू या, असं मुलगा म्हणाला. मी करू दिला नाही. तो आता आमच्या भिंतीवर खिळ्याला आहे. नवं गिऱ्हाईक आलं की मी तो खाली काढतो, हातात देतो आणि मोड कुठून आहे ते बोट लावून बघायला सांगतो.