नाणं सरकवण्यात गेलेला रविवार

रिचर्ड विल्यम्सचं 'अ‍ॅनिमेटर्स सर्व्हायव्हल किट' हे अ‍ॅनिमेशन शिकवणारं पुस्तक शेवटी घेतलंच, आणि आजचा अख्खा रविवार त्यातच गेला. जाडजूड आहे, ३०० च्या वर पानं, आणि लिहिलंय हातानं काढल्यासारख्या कॅपिटल अक्षरात, पानावर चित्रं, बाण, आकडे सगळं एकमेकांच्या अंगावर, त्यामुळे पडून वाचायचं पुस्तक हे नाहीच, पेन्सिल घेऊन बसावं लागतं. सुरुवातीलाच दम भरतो की काम करताना कानातले हेडफोन काढा. त्यानं म्हणे तरुणपणी डिस्नेच्या मिल्ट काल या अ‍ॅनिमेटरला विचारलं होतं, काम करताना गाणी ऐकता का, तर तो जाम खवळला, एका वेळी दोन गोष्टींचा विचार करायला मी काय एवढा हुशार नाही म्हणाला. मला गाणी लावल्याशिवाय हातच चालत नाही, पण काढले हेडफोन.

हा विल्यम्स म्हणजे १९८८ च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'चा अ‍ॅनिमेशन डायरेक्टर, ऑस्करवाला. पण मला त्याहून भारी हे वाटलं की स्वतःचा स्टुडिओ, नाव, बक्षिसं सगळं असताना सत्तरच्या दशकात यानं आर्ट बॅबिटसारख्या डिस्नेत काम केलेल्या जुन्या माणसाला लंडनला बोलावून घेतलं आणि स्टाफबरोबर स्वतः पण शिकायला बसला. ही विद्या खरं तर अशीच पोचत आलीये, एकाच्या टेबलावरून दुसऱ्याच्या टेबलावर. आपल्याकडे पण तेच, १९५६ ला डिस्नेचा क्लेअर वीक्स मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आला आणि त्याच्या हाताखाली राम मोहन वगैरे आपली अ‍ॅनिमेटर मंडळी तयार झाली. विल्यम्स आणि राम मोहन दोघंही २०१९ मध्ये गेले. आता आमच्यासारख्यांना शेजारी बसवून शिकवणारं कोण नाही, त्यामुळे पुस्तक.

असो. तर नाणं.

मी लग्नपत्रिकांचे व्हिडिओ करते, आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये गणपती खालून वर येतो, नावं डावीकडून येतात, अक्षता पडतात, आणि प्रत्येक वेळी दोन कीफ्रेम टाकायच्या, म्हणजे वस्तू कुठून निघते आणि कुठे थांबते त्या खुणा, सिलेक्ट करायच्या, एफ नाईन दाबायचं, झालं स्मूथ. ते स्मूथ म्हणजे नक्की काय होतं याच्यात कधी डोकं घातलं नव्हतं, क्लायंट पण विचारत नाही. विल्यम्स म्हणतो टायमिंग (किती वेळात पोचायचं) वेगळं आणि स्पेसिंग (मधली अंतरं कशी ठेवायची) वेगळं, आणि ते समजायला एक नाणं घ्या, कागदावर सरकवत त्याचे फोटो काढत जा. मग काय, मोबाईल दोन डब्यांच्या मध्ये फळी टाकून उलटा ठेवला, स्टॉप मोशनचं अ‍ॅप उघडलं आणि एक रुपया घेतला. सिनेमाला सेकंदाला २४ फ्रेम, पण एक चित्र दोन-दोन फ्रेम ठेवलं तरी चालतं, त्याला 'ऑन टूज' म्हणतात, म्हणजे एका सेकंदाला १२ फोटो. पहिल्यांदा नाणं सारख्या अंतरानं सरकवलं. प्ले केलं तर ते नुसतं वाहत गेलं, सरकत्या पट्ट्यावरच्या पार्सलसारखं, त्याला स्वतःचं काही नाहीच. मग दुसऱ्यांदा तेवढेच फोटो, तेवढाच एक सेकंद, सुरुवात-शेवट त्याच जागी, फक्त दोन्ही टोकांना नाणं अगदी चिकटून चिकटून ठेवलं आणि मधे लांब लांब उड्या. आणि च्यायला, या वेळी नाणं निघालं. म्हणजे खरंच निघालं, आधी जरा रेटा घेतला, मग सुटलं, मग पोचताना हळू झालं. आई मागून म्हणाली, अगं सकाळपासून एक रुपया काय सरकवत बसलीयस, भाजी कधी निवडणार.

एफ नाईन म्हणजे हेच. माझ्यासाठी हे करून देणारं बटण, पण नेहमी एकाच ठरावीक चालीनं करणारं, म्हणून माझ्या व्हिडिओत गणपती, नावं, हॉलचा पत्ता सगळं एकाच वजनाचं वाटतं. हे कळल्यावर जुने व्हिडिओ लावून बघितले, नको वाटलं.

अंतरं ठरवायची रीत पण सोपी आहे. मधली जागा काढायची, मग सुरुवात आणि मध यांच्या मधली, मग सुरुवात आणि ती यांच्या मधली, असं निम्मं निम्मं करत टोकाकडे जायचं. कॅल्क्युलेटर नाही, ग्राफ नाही.

चेंडूच्या टप्प्याला पण पाया हाच, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं चेंडू म्हणजे स्क्वॉश आणि स्ट्रेच, खाली आला की चपटा करा, उडाला की लांबवा. थॉमस आणि जॉन्स्टन या डिस्नेच्या दोघांनी १९८१ मध्ये अ‍ॅनिमेशनची जी बारा तत्त्वं छापली त्यात पहिलंच ते आहे, आणि यूट्यूबवर शिकवणारे सगळे तिथूनच चालू करतात आणि तिथेच इतके रमतात की बास. पण क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर मी चेंडू अजिबात न चपटा करता काढला, फक्त वरच्या टोकाला चित्रं एकमेकांवर चढतील इतकी जवळ आणि खाली येताना अंतर वाढत वाढत गेलेलं, तरी तो चेंडूच वाटला, लेदरचा, कडक. मग टप्प्याच्या जागी आधी नुसता टेकलेला चेंडू ठेवला आणि पुढच्या चित्रात चपटा, तर रबरी झाला. चपटा करताना रुंदी वाढवायची नाहीतर आतला माल कमी झाल्यासारखा दिसतो, तेवढं सांभाळायचं. थोडक्यात जीव अंतरात आहे, चपटेपणा नंतरची फोडणी.

संध्याकाळी चालण्याचा भाग उघडला. तो संपतच नाही, एक माणूस चालतो यावर कोणी एवढं लिहू शकतं? पण चार पोझ पक्क्या आहेत, टाच टेकते ती कॉन्टॅक्ट, मग लगेच डाउन जिथे अंगाचं वजन त्या पायावर बसतं, मग पाय शेजारून जातो ती पासिंग, मग अप. सगळ्यात खाली माणूस टाच टेकताना नसतो, त्याच्या नंतर असतो. बाबांना गॅलरीत चालायला लावलं आणि व्हिडिओ काढला, सेकंदाला २४ फ्रेमवर सेट करून. कॅमेरा बघितला की बाबा ताठ होतात, पावलाला बरोबर १२ फ्रेम, पुस्तकात त्याला मार्च टाइम म्हटलंय, म्हणजे कवायतीची चाल! मग बेल वाजली आणि ते दार उघडायला गेले तेव्हा मी बंद केलं नव्हतं, तिथे पाऊल १६ फ्रेमला पडतंय, खांदे पडलेले, उजवा हात जवळजवळ हलतच नाही. विल्यम्स तसंही म्हणतोच की १६ काढायला बरं, १६ चे ८, ८ चे ४, १२ चे ६ आणि ६ चे ३ झाले की मधलं चित्र नेमकं कुठे घालायचं ही बोंब.

आणि स्लीपर! पुस्तकात सगळे बूटवाले. बाबांच्या पायात हवाई चप्पल, फ्रेम फ्रेम पुढे नेली तर टाच वर जाते तेव्हा चपलेचा मागचा भाग खालीच लोंबतो, पाय पुढे निघून गेला तरी हा अजून मागे, आणि मग दोन-तीन फ्रेम उशिरा फट्‌ करून टाचेला लागतो. म्हणजे फटफट आवाज जमिनीवर आपटल्याचा असतो तेवढाच टाचेवर आपटल्याचा पण असतो. पदराचं, शेपटीचं, केसांचं जे मागून येणं असतं तेच हे, फक्त पायाखालचं.

उद्या रात्री बाबांचा वॉक १६ वर काढायला घेणार, आधी नुसते पाय आणि कंबर, चप्पल मग. आई म्हणतेय माझा पण काढ. तिच्या निऱ्या कोण काढणार, त्या सगळ्या वेगवेगळ्या हलतात.