केलाँगचे मोजे

अटल बोगद्याचे नऊ किलोमीटर दहा-बारा मिनिटांत संपले. बाहेर पडलो तर मनालीची हिरवाई गायब, समोर सगळे भुरके डोंगर.

हिमाचलच्या लाहौल खोऱ्यातल्या केलाँगला मी एका ख्रिस्ती मिशनचा माग काढायला गेले होते. हायडे आणि पागेल हे मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाचे दोन मिशनरी १८५६मध्ये इथे स्थिरावले. खरं तर निघाले होते मंगोलियाला! रशियाने वाट दिली नाही, तिबेटने आत घेतलं नाही, म्हणून मुक्काम लाहौलमध्ये. हिवाळ्यात रोहतांगचा घाट बंद झाला की जगाशी संबंध तुटायचा.

पाठोपाठ भाषापंडित येश्के आला. या आडगावात त्यांनी शिळाछापखाना चालवला आणि १८६६मध्ये तिथून तिबेटी-इंग्रजी शब्दकोश काढला. येश्केच्याच १८८१च्या मोठ्या कोशाचं नाव तिबेटीचे अभ्यासक आजही घेतात.

मला मात्र मारियाचं नवल वाटतं. जन्म सुरिनामचा. १८५९मध्ये, कधी डोळ्यांनीही न पाहिलेल्या हायडेशी लग्न करायला ती इथवर आली आणि जवळजवळ चाळीस वर्षं राहिली. तिने गावातल्या बायकांना विणकाम शिकवलं. धर्मप्रसाराचं म्हणाल तर पहिले बाप्तिस्मे थेट १८६५मध्ये, तेही लडाखहून आलेल्या बापलेकाचे. पुढेही आकडा फारसा हलला नाही. १९४०मध्ये मिशनने गाशा गुंडाळला.

बाजारात मिशनचं घर विचारलं तर एकाने वर बोट दाखवलं, दुसऱ्याने खाली. धापा टाकत दोन्हीकडे जाऊन आले आणि शेवटी एका दुकानाच्या पायरीवर बसकण मारली. शेजारी एक आजी मोजा विणत होत्या. पावलाचा भाग साधा, घोट्याच्या वर मात्र लाल-हिरव्या-पिवळ्या नक्षीचे पट्टे. या लाहौली मोज्यांना २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. आजींची नजर सुयांवर नव्हतीच, रस्त्यावर होती. टाचेशी आल्यावर तेवढी मान खाली गेली.

"ये विलायती मेम ने सिखाया था ना?" मी विचारलं.

"मुझे तो माँ ने सिखाया," त्या म्हणाल्या.

मी एक जोड उचलला. त्यांनी माझ्या पायांकडे एकदा पाहिलं, तो हातातून काढून घेतला आणि गठ्ठ्यातून मोठा जोड शोधून दिला. भाव काही कमी केला नाही.